जिन्यावरची मयत मंडळी

त्या जिन्यावर सकाळी साडेनऊपासून जे चाळीस-पंचेचाळीस जण उभे होते, ते सगळे मेलेले होते. कुणी मागच्या महिन्यात, कुणी परवा. एक बाई तर घरून निघताना जिवंत होत्या आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत वारल्या होत्या. त्या अजून धक्क्यात होत्या. बाकीचे सरावले होते. मेलेली माणसं एकमेकांना कोपरं मारत होती, नंबरावरून भांडत होती, आणि "ओ आजी, मी तुमच्या आधी गेलोय" असं म्हणून पुढं घुसत होती.

जिना इतका अरुंद की समोरून कुणी उतरलं तर चढणाऱ्याला पोस्टरासारखं भिंतीला चिकटावं लागे. वर एका मोठ्या ट्रस्टचं ऑफिस होतं. म्हाताऱ्या आणि निराधार माणसांना दरमहा थोडी रक्कम आणि फुकट औषधं देण्याची योजना ते चालवत. ऑफिसला एकच खिडकी, खिडकीला जाळी, जाळीमागं खिडकीवाला. आणि खाली, जिन्याच्या पोटात, जिथं पूर्वी झाडू आणि बादल्या असत, तिथं श्वासबाबा बसत.

श्वासबाबा मेलेल्यांना जिवंत करत.

ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. निम्म्या गल्लीनं ती डोळ्यांनी पाहिली होती, उरलेली निम्मी स्वतः त्यातून गेली होती.

"मी डॉक्टर नाही!" बाबा आतून ओरडत होते. आवाज जिन्याखालून यायचा, त्यामुळं तो पायऱ्याच बोलतायत असं वाटे. "डॉक्टर जिवंत माणसाला बरं करतो. त्यात काय मोठं? माझ्याकडं येणारा पेशंट आधीच गेलेला असतो! श्वास म्हणजे काय? हवा? हवा तर पंखा पण देतो! श्वास म्हणजे सही. वरच्याची सही! आडवे व्हा. डोळे मिटा. मेल्यासारखं पडा. अवघड नाही, मेलेलेच आहात."

बाकावर एका गवंड्याची आई आडवी झाली. बाबांनी तिच्यावर पांढरी चादर ओढली, तिचं कार्ड कपाळाला लावलं, आणि कोपऱ्यात छतातून खाली आलेल्या पितळी नळीला तोंड लावून तिचं नाव कुजबुजले. मग गाल फुगवून जोरात फुंकर मारली. हूऽऽ. "नाव वर पोचलं," त्यांनी जाहीर केलं आणि चादर खसकन ओढली. "ऊठ!"

आजी उठली. तशी ती रोजच उठायची. पण यानंतर ती जिना चढून खिडकीपाशी गेली तेव्हा खिडकीवाल्यानं पडद्यावर बघून मान हलवली. "अभिनंदन आजी. आहात तुम्ही."

जिन्यावरच्या मेलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

रांगेत चौदावे होते वरखालीकाका. एका सहामजली कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं होतं. एकतीस वर्षं पेटीत काढलेल्या माणसाला अडकण्याची फारशी भीती नसते. अडकलो तर घंटा दाबायची आणि वाट बघायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. या वेळी फक्त घंटा सापडत नव्हती.

ते वारले त्याची हकिकत अशी. आठवड्यापूर्वी ते दम्याचा पंप घ्यायला आले. खाली रस्त्यापलीकडं ट्रस्टचा दवाखाना होता. तिथल्या औषधवाल्या बाईंनी त्यांना वर पाठवलं. वर खिडकीवाला म्हणाला, "काका, तुम्ही वारलात."

"कधी?"

"नऊ तारखेला."

"नऊ तारखेला मी इथंच होतो. तुम्हीच मला सोमवारी या म्हणालात."

"मग तेव्हा होतात ना. नंतर गेला असाल. गर्दीत लक्षात नाही येत."

"अहो, मी तुमच्याशी बोलतोय!"

"ते मला ऐकू येतंय. कॉम्प्युटरला येत नाही."

काकांनी तक्रारीचा अर्ज मागितला. अर्ज लाभार्थ्यानं स्वतः करायचा असतो आणि मृत लाभार्थ्याचा अर्ज घेता येत नाही, असं खिडकीवाल्यानं मोठ्या आपुलकीनं समजावलं. मग बहीण करेल, काका म्हणाले. करू दे की, वारस म्हणून चालेल, फक्त तुमचा मृत्यूचा दाखला जोडा. काका दाखल्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, दाखला मिळेल, पण त्यासाठी आधी मरावं लागेल. थोडक्यात, नियमानं जगता येत नव्हतं आणि नियमानं मरायलाही मिळत नव्हतं.

पंपात फवारे किती उरलेत ते काका रोज हलवून बघत. त्या आठवड्यात तो हलवल्यावर काहीच वाजेना. म्हणून ते रांगेत उभे राहिले.

बाबांच्या खोलीत एक खुर्ची, एक बाक आणि झुरळं होती. बाबांनी आधी एका कागदावर सही घेतली. पुनर्जन्मानंतरची पहिली तीन महिन्यांची मदत 'श्वाससेवा मंडळा'ला जाईल, असं त्यात लिहिलं होतं. काका आडवे झाले. चादरीला फिनेलचा वास होता; दमेकऱ्याला आणखी काय हवं? ते खोकत खोकत जिवंत झाले. वर गेले. खिडकीवाला म्हणाला, "अभिनंदन." खाली आले, औषधवाल्या बाईंनी नवा पंप दिला. काकांनी पहिला फवारा ओढला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी बाबांनी पाय पुढं केला असता तर त्यांनी तो धरला असता.

दुसऱ्या दिवशी ताई मेली.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. वय त्र्याहत्तर, आयुष्यभर मुलींना टायपिंग शिकवलेलं, त्यामुळं बोलताना सुद्धा ओळ संपली की क्षणभर थांबायची. दोघं भावंडं चौदा नंबरच्या घरात दोन खोल्यांत राहत. काकांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ताईच घर चालवत होती आणि अडुसष्ट वर्षांच्या काकांना 'बाळ' म्हणत होती. तिला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागे, तेही याच योजनेतून.

औषधवाल्या बाईंनी पडदा तिच्याकडं वळवला. "आज्जी, इथं 'मृत' येतंय हो."

"मृत? कशानं?"

"ते लिहिलेलं नाही."

"इन्सुलिन न देता मारताय, निदान साखरेनं मेली असं तरी लिहा," ताई म्हणाली, आणि ओळ संपल्यामुळं थांबली. मग म्हणाली, "चार दिवसांचं शिल्लक आहे माझ्याकडं."

घरी येऊन काकांनी चहा टाकला आणि विषय काढला. "ताई, उद्या बाबांकडं जाऊन येऊ."

"मी नाही त्या झाडूच्या खोलीत आडवी पडणार."

"पाच मिनिटांचं काम. फुंकर मारतात, झालं."

"मी जिवंत आहे हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, त्या औषधवालीला ठाऊक आहे. मग फुंकर कुणासाठी?"

"कॉम्प्युटरसाठी."

"मग कॉम्प्युटरला झोपव बाकावर."

"तुझा हट्ट तुला मारेल."

"मेलेच आहे की," ताई म्हणाली आणि चहात साखर नाही याची खात्री करून कप उचलला.

काका तिला न सांगता बाबांकडं गेले. माझ्या बहिणीच्या नावानं फुंका, म्हणाले, ती येणार नाही, हे तिचं कार्ड. बाबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"करतो," ते म्हणाले. "पण काका, एक विचारतो. माणूस उठला की त्याचं मरण कुठं जातं? विरघळतं? छे! ते शेजारच्या दारात जातं. तुम्ही उठलात, बहीण गेली. बहीण उठेल, पलीकडचा जाईल. माझा नाइलाज आहे. मी फक्त श्वास देतो, मरण संपवायचं माझ्या हातात असतं तर मी इथं झुरळांत बसलो असतो?"

पलीकडचा म्हणजे पंधरा नंबरचा चपला शिवणारा. त्याचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याचे थेंब योजनेतून मिळत. थेंब बंद झाले तर दुसराही जाणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

काका कार्ड घेऊन तसेच परत फिरले. बाहेर रस्ता होता, ऊन होतं, माणसं जात-येत होती. पण त्यांना वाटलं, आपण कुठल्यातरी दोन मजल्यांच्या मधे अडकलोय. ताईला जगवायचं तर शेजाऱ्याला मारायचं. नाही जगवायचं तर तिच्या फ्रीजमधल्या बाटल्या मोजत बसायचं. आणि ही सगळी भानगड त्यांनी स्वतः उठून सुरू केली होती. ओढलेल्या प्रत्येक फवाऱ्याची आता लाज वाटत होती, आणि ओढल्याशिवाय लाज वाटायलाही दम पुरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते जिन्यावर जाऊन बसले. रांगेत नव्हे, पायरीवर, वही घेऊन.

"तुम्ही कधी वारलात?" त्यांनी पहिल्याला विचारलं.

"मंगळवारी. तुम्ही नवे एजंट का?"

"नाही. घर नंबर?"

"तेवीस."

"बाविसातलं कुणी उठलंय का हल्ली?"

"उठलंय ना! गवंड्याची आई. सोमवारी. टाळ्या वाजवल्या आम्ही. दुसऱ्या दिवशी औषधाला गेलो, तर माझाच नंबर लागलेला."

दुपारपर्यंत काकांनी एकोणतीस मेलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. कुणाला आपल्या मरणाची तारीख पाठ होती, कुणी सुनेला विचारून सांगतो म्हणालं. एका आजोबांनी आपण दोनदा मेल्याचं अभिमानानं सांगितलं. वहीत मात्र एक गोष्ट रांगेनं उभी राहिली. प्रत्येक मरणाच्या जरा आधी शेजारचं कुणीतरी उठलं होतं. आणि मरण नेहमी पुढच्या नंबराला. कधीही मागच्या नाही.

काकांनी मान वर केली. जिन्याच्या भिंतीवर ट्रस्टची पाटी होती: 'एकूण लाभार्थी: ३००'. ऑइल पेंटनं रंगवलेली. ती ते कित्येक वर्षं बघत होते. आत्ता पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं: म्हाताऱ्या माणसांचा आकडा ऑइल पेंटनं कोण लिहितं? म्हातारी माणसं जातात, नवी येतात. हा आकडा खडूनं लिहायला हवा. तो पक्का आहे, म्हणजे जागाच तीनशे आहेत.

एकतीस वर्षं त्यांच्या डोक्यावर अशीच पाटी होती: 'फक्त आठ माणसे'. आठ भरले की नववा आत यायचा एकच मार्ग. आधी एकानं बाहेर पडायचं.

"म्हणजे मरण-बिरण काही नाही," त्यांनी ताईला सांगितलं. "डबा भरलेला आहे. एकाला आत घेतलं की दुसऱ्याला ढकलतात. यादी घर नंबरानं असणार. खिडकीवाला मला पुन्हा चढवतो आणि माझ्या खालच्याच ओळीवर 'मृत' लिहितो."

"खालच्याच का? तीनशेतली कुठलीही ओळ आहे की."

"आळस. शोधत कोण बसणार? बोट जिथं आहे तिथून एक खाली."

ताईनं चष्मा नाकावर वर सरकवला. मुलींच्या टायपिंगमधली चूक हेरताना सरकवायची तसा. "पण बाळ, तुझी वही बाबालाही लागू पडते. तो म्हणतो, मरण शेजारी जातं. तू म्हणतोस, ओळ खाली सरकते. दोन्हींत पुढचाच मरतो. तू खरा कशावरून?"

काकांनी वही पुन्हा उघडली. मग त्यांची नजर भिंतीवरच्या बायकोच्या फोटोवर गेली आणि तिथंच राहिली.

"तिला उठवायला सांगतो," ते म्हणाले.

"कुणाला?"

"हिला. हिचं योजनेचं जुनं कार्ड आहे माझ्याकडं. बाबा म्हणतो ते खरं असेल, तर सहा वर्षांनी ही त्या दारातून आत येईल आणि मी बाहेर चपला काढल्या म्हणून मला ओरडेल. मी म्हणतो ते खरं असेल, तर ही यादीत येईल, फक्त यादीत. आणि कार्डांवरच्या क्रमानं घर चौदामध्ये हिच्या खालची ओळ माझी आहे. म्हणजे मी मरेन."

"आणि तुझा पंप?"

"नवा आहे. एकशे नव्वद फवारे उरलेत. बेतानं भांडलो तर दोन महिने पुरतील."

ताईनं त्यांच्याकडं बघितलं. फ्रीजमध्ये आता एका दिवसाचं उरलं होतं. "बेतानं भांड," एवढंच ती म्हणाली.

सकाळी काका आधी दवाखान्यात गेले. एका चिठ्ठीवर त्यांनी दोन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि औषधवाल्या बाईंना म्हणाले, "यावर आजच्या तारखेचा शिक्का मारा आणि तुमच्याकडंच ठेवा. हाक मारली की वर घेऊन या." बाईंनी घडी उघडली नाही. शिक्का मारला, वेळही लिहिली.

ताई जिना चढून वर गेली. एकेका पायरीवर एकेका मेलेल्याला बाजूला सारत, "सर रे, मला फक्त खिडकीला टेकायचंय" असं म्हणत ती जाळीपाशी उभी राहिली. काका जिन्याखाली गेले.

"माझ्या बायकोला उठवायचंय," त्यांनी कार्ड पुढं केलं.

"कुठं आहेत त्या?"

"ती आता उठू शकत नाही, बाबा."

"अंथरुणाला खिळल्यात?"

"त्याच्याही पुढं गेलीय."

"अरेरे. फोटो आणलाय? फोटो पुरे," बाबा म्हणाले. काकांनी सही केली. बाबांनी बाकावर फोटो ठेवला, त्याच्यावर चादर घातली, आणि लांबच्या लांब बाकाच्या मध्यावर तो पोस्टकार्डाएवढा उंचवटा फार विचित्र दिसू लागला. काकांनी दुसरीकडं बघितलं. सहा वर्षांपूर्वी ते तिच्या उशाशी होते. त्यांनी तिचा शेवटचा श्वास मोजला होता आणि पुढच्याची वाट बघत बराच वेळ बसले होते.

बाबा नळीला तोंड लावून कुजबुजले. हूऽऽ. "नाव वर पोचलं!"

वर, खिडकीपाशी, ताईला ते पोचताना ऐकू आलं. खिडकीवाल्याच्या मागं लोखंडी कपाट होतं. ते कपाट घोगऱ्या आवाजात म्हणालं, "घर चौदा, बाई, जुनं कार्ड आहे, बघून घे रे. हूऽऽ." खिडकीवाल्यानं बसल्या जागी मान डोलावली, दोन बटणं दाबली, बोट जरा खाली घेतलं, आणखी एक बटण दाबलं. मग कान खाजवला.

"तुमचं कपाट बोलतं का हो?" ताईनं विचारलं.

"काय?"

"काही नाही. चालू द्या."

काका धापा टाकत वर आले. सगळा जिना त्यांच्या मागून वर सरकला. बाबाही आले, कारण चमत्कारानंतरच्या टाळ्या ते सहसा चुकवत नसत. काकांच्या हाकेसरशी औषधवाल्या बाई चिठ्ठी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अभिनंदन काका," खिडकीवाला म्हणाला. "मिसेस आहेत तुमच्या."

टाळ्या पडल्या.

"आणि मी?" काकांनी विचारलं.

खिडकीवाल्यानं पडदा बघितला. "तुम्ही... अरेरे. आजच."

"बाई, वाचा चिठ्ठी."

बाईंनी घडी उघडली आणि मोठ्यानं वाचलं. "'आज माझी बायको यादीत जिवंत होईल आणि मी मरेन. ती सहा वर्षांपूर्वी खरोखरच वारली आहे.' शिक्का आजचा. वेळ सकाळी नऊ पस्तीस."

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. काका बाबांकडं वळले.

"बाबा, तिला उठवलीत. उपकार झाले. आता द्या."

"काय द्या?"

"बायको. कुठं आहे? मी दाराला कडी लावून आलोय. तिच्याकडं किल्ली नाही."

"ती... तिचा आत्मा..."

"आत्म्याला दरमहा मदत मिळत नाही. आत्म्याला रक्तदाबाच्या गोळ्याही मिळत नाहीत. तुम्ही म्हणालात 'ऊठ', खिडकीवाले म्हणाले 'आहेत'. मी सहा वर्षं एकटा आहे हो. थट्टा करत नाही. असेल तर द्या."

कुणी हसलं नाही. बाबांनी घसा साफ केला. "श्रद्धा कमी पडली. फोटो जुना होता. मी दिलेला श्वास वरपर्यंत—"

"वरपर्यंत पोचला," ताई म्हणाली. "मी ऐकला. कपाटातून आला. सरकवा रे ते कपाट."

कपाट जड होतं. पण जिन्यावरचे मेलेले आयुष्यभर गवंडी, हमाल, लोहार होते. त्यांनी ते एका दमात बाजूला केलं. मागं भिंतीतून पितळी नळीचं तोंड बाहेर आलं होतं, बरोबर खिडकीवाल्याच्या कानाच्या उंचीवर.

"बोलनळी," काका म्हणाले. "जुन्या लिफ्टमध्ये असते. खालून बोललं की वर यंत्रघरात ऐकू येतं. फुंकर नंतर, नाव आधी."

नळीच्या बाजूला भिंतीवर छापील कागदांचा जुडगा टांगलेला होता. लाभार्थ्यांची यादी, 'मृत' शेरा मारलेल्या ओळींसकट. ती भिंतीवर लावावी असा नियम होता, आणि खिडकीवाल्यानं नियम पाळला होता. नंतर त्याच्यापुढं कपाट उभं केलं होतं.

ताईनं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. घर एक, घर दोन, घर तीन. लोक आपापलं नाव ऐकून खाकरत होते. शेवटच्या पानावर ती थांबली.

"'श्वाससेवा मंडळ, जिन्याखाली.' इथं एक्केचाळीस जण राहतात."

"त्या खोलीत?" गवंड्याची आई म्हणाली. "अगं, तिथं एक खुर्ची आहे!"

"एक्केचाळीस निराधार एका खुर्चीवर. आणि यांच्यातलं कुणी एकदाही मेलेलं नाही. नातंही लिहिलंय: बाबांच्या सासूबाई आहेत, मेहुणे आहेत, साडू आहेत. खिडकीवाले, हे साडू म्हणजे तुम्हीच का हो?"

खिडकीवाल्यानं फाईल बगलेत मारली आणि उठला. पण ऑफिसातून बाहेर पडायला तो एकच जिना, आणि जिन्यावर पंचेचाळीस मेलेले. पहिल्यांदाच त्यांना कुठं जायची घाई नव्हती.

"आम्ही कुणाला मारलं नाही!" तो ओरडला. "जागा तीनशेच येतात वरून! आमची माणसं बसवायची तर कुणाला तरी काढायला नको? आणि काढलेल्यांना आम्ही परत घेत होतोच की, पाळीपाळीनं!"

"पाळीपाळीनं," चपला शिवणारा हळूच म्हणाला. त्याचा चांगला डोळा बाबांवर होता. "म्हणजे उद्या माझी पाळी होती."

बाबा म्हणाले, "मीही निराधारच आहे हो." त्यावर मात्र हशा पिकला, आणि हशा संपल्यावर बाबांना बसायला खुर्ची कुणी दिली नाही.

ट्रस्टच्या मुख्य ऑफिसला औषधवाल्या बाईंनीच फोन लावला. तीन दिवसांनी साहेब येतील, तोवर काही बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. काकांनी ताईकडं बघितलं. तिचे ओठ सुकले होते. तीन दिवस तिच्याकडं नव्हते.

बाईंनी फोन ठेवला, रजिस्टर उघडलं आणि पेन घेतलं. "आज्जी, पुढं या. नाव सांगा. हात दाखवा. हं, नाडी लागतेय." त्यांनी लिहिलं, वाचून दाखवत लिहिलं: "'रुग्ण स्वतः हजर. मी डोळ्यांनी पाहिले.' खाली माझी सही. साहेबांना काही विचारायचं असेल तर मला विचारतील. चला, इन्सुलिन देते."

"एवढंच होतं?" कुणीतरी विचारलं.

"एवढंच होतं," बाई म्हणाल्या, आणि जरा खाली मान घालून पुढं म्हणाल्या, "मी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पडदा बघत राहिले."

जिना तरी हलेना. घरून जिवंत निघालेली ती धक्क्यातली बाई पुढं आली. तिनं बाबांकडं एकदा बघितलं, अजून थोडी आशा ठेवून. "पण काका, आता आम्हाला उठवणार कोण? तुम्हीसुद्धा मेलेलेच आहात की."

काकांनी भिंतीला टेकून एक फवारा ओढला. एकशे शहाऐंशी उरले. बोलायला तेवढा दम पुरला.

"उठवायचं कुणी कुणाला? उभे आहात तुम्ही. दोन तास उभे आहात, पाय दुखतायत, मेलेल्या माणसाचे दुखत नाहीत. आपण मेलो हे खरं मानलं, तिथंच आपण फसलो. एकदा ते मानलं की मग जिवंत करणारा कुणीही चालतो. फुंकरीनं दिवा विझतो, माणूस पेटत नाही. जो चमत्कार तुमच्याच हक्काची वस्तू तुम्हाला परत देतो, त्याला विचारा की ती आधी नेली कुणी. शेजारी मेला म्हणून मला औषध मिळालं, तर त्याला कृपा म्हणू नका, यादी मागा. माझ्या जागेवर कोण बसलंय ते नावानिशी विचारा. ज्याला वाचता येतं त्यानं न येणाऱ्याला वाचून दाखवा. आणि पुन्हा कुणापुढं आडवं व्हायच्या आधी, एकदा कपाट सरकवून बघा."

ताईनं यादी भिंतीवरून सोडवली आणि जिन्यात आणून, सगळ्यांना दिसेल अशी, दोन्ही हातांनी धरली. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली. या वेळी नाव आलं की माणसं खाकरत नव्हती.

"हजर," कुणीतरी म्हणालं.

मग पुढचं. "हजर."

खालच्या पायरीवरून, कापऱ्या आवाजात, "हजर."

चौदा नंबर आला. ताईनं वहिनीचं नाव वाचलं, आणि थांबली. ओळ संपलेली नव्हती, तरीही थांबली.

"नाही," काका म्हणाले. "ती नाही. पुढं वाच."